बायकोच्या टॅबमधला सैतान

पत्र थोडक्यात असं:

पत्रलेखक ४४ वर्षांचे आहेत. लग्नाला १६ वर्षं झाली, मुलगी १३ वर्षांची. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात. संसार 'तसा ठीक' असल्याचं ते लिहितात. गेलं वर्ष-दीड वर्ष बायको रात्री सगळं आवरलं की टॅब घेऊन बसते आणि तासभर तरी वाचते. काय वाचतेस विचारलं की 'काही नाही, असंच' म्हणते आणि स्क्रीन मिटते. एका रात्री टॅब तसाच ठेवून ती झोपली आणि यांनी तो उघडला. आत पॅरानॉर्मल रोमान्सची एक इंग्रजी मालिका निघाली. नायिका चेटकीण, तिच्या कुळाच्या जिवावर उठलेला एक वॉरलॉक, म्हणजे पुरुष चेटक्या, आणि नायक म्हणून साडेतीनशे वर्षांचा डीमन, म्हणजे सैतान. काही वाक्यांखाली रेघा होत्या. तेव्हापासून हे बायकोला न सांगता अधूनमधून टॅब बघतात. त्यांचे प्रश्न असे: ती माझ्यावर नाराज आहे का? मी कमी पडतोय का? सैतान, मंत्रतंत्र असलं रोज वाचून डोक्यावर परिणाम होत नाही का? तोच टॅब मुलगीही वापरते, तिचं काय? बायकोला हे वाचणं बंद कर म्हणावं, की गप्प बसावं?

नमस्कार,

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचताना मला हसू आलं. 'फक्त खात्री करून घ्यायला चाळलं' असं तुम्ही लिहिता आणि पुढच्याच परिच्छेदात त्या डीमनला कुठल्या करारानं बांधून घातलंय, त्याच्या सावत्र बहिणीनं त्याला का फसवलं आणि वॉरलॉकला नायिकेच्या आजीची वही नेमकी कशासाठी हवी आहे, हे सगळं तपशीलवार सांगता. चाळणाऱ्याला एवढं कळत नाही हो. तुम्ही ती कादंबरी वाचली आहे, आणि माझा अंदाज असा की तुम्हाला ती आवडलीही आहे. चिडवायला म्हणत नाही, पुढे याचा उपयोग होणार आहे.

दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसू ओसरलं. बायको झोपली की उठायचं, टॅबचा उजेड कमी करायचा आणि तिनं कुठे रेघ ओढलीय ते शोधायचं, हे काही सुखाचं काम नाही. तुम्हाला तिला काहीतरी विचारायचंय. ते तुम्ही पुस्तकाला विचारत बसला आहात.

तेव्हा आधी त्या रेघांचंच बघू. तीन वाक्यं तुम्ही मराठीत उतरवून पाठवली आहेत. पहिलं: 'तू झोप. दारावर मी आहे.' दुसरं: 'त्यानं विचारलं, आणि या वेळी उत्तराची वाट पाहिली.' तिसरं: 'तीन शतकं मी आगीला भ्यालो नाही, तुझ्या अबोल्याला भितो.' तिसरं वाचून तुम्हाला रात्रभर झोप लागली नाही. पहिली दोन पिवळ्या रंगानं रंगवलेली होती आणि तिसऱ्याखाली तुटक रेघ होती, बाजूला कसलातरी आकडा होता, असंही तुम्ही प्रामाणिकपणे नोंदवलं आहे.

तो आकडा वाचायला हवा होतात. किंडलसारख्या ई-पुस्तकांच्या ॲपमध्ये दोन तऱ्हेच्या खुणा दिसतात. रंगीत हायलाइट आपण स्वतः केलेलं असतं. तुटक रेघ आणि आकडा याचा अर्थ हे वाक्य इतर कितीतरी वाचकांनी हायलाइट केलंय, म्हणून ॲप ते आपणहून दाखवतंय. सेटिंगमध्ये जाऊन ते बंदही करता येतं. म्हणजे ज्या वाक्यानं तुमची झोप उडवली, त्याच्याशी तुमच्या बायकोचा संबंध असेलच असं नाही. जगभरच्या अनोळखी माणसांनी ती रेघ ओढली आहे.

उरली दोन. त्यांचाही अर्थ लावत बसू नका असंच मी म्हणेन. माणसं वाक्यावर खूण करतात ती दहा कारणांनी. वाक्य नुसतं कानाला बरं लागलं म्हणून करतात. पुढे यातून काहीतरी निघणार असा संशय आला म्हणूनही करतात. अशा मालिकांमध्ये तिसऱ्या भागातलं दार पाचव्या भागात उघडतं आणि मुरलेले वाचक खुणा करून ठेवतात. तरीही अर्थ लावायचाच असला, तर निदान समोर लिहिलंय त्याचा लावा. एक वाक्य निश्चिंत झोपण्याबद्दल आहे आणि दुसरं कुणीतरी आपलं उत्तर ऐकून घेण्याबद्दल. शिंगं, पंख, पिळदार छाती यांतलं दोन्हींत काहीच नाही.

आता ही पुस्तकं असतात तरी काय, ते सांगते. तुमच्या मनात त्यांचं जे चित्र आहे ते मुखपृष्ठांवरून बनलेलं दिसतं.

रोमान्स या प्रकाराचे नियम ठरलेले आहेत. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेनं केलेली व्याख्या दोनच गोष्टी मागते: प्रेमकथा केंद्रस्थानी हवी, आणि शेवट समाधान देणारा, आशा वाढवणारा हवा. या वाचकवर्गात त्याला 'हॅपिली एव्हर आफ्टर' म्हणतात आणि तो मोडला की लेखकाची खैर नसते. त्यावर पॅरानॉर्मलचा थर चढतो: चेटकिणींची कुळं, वॉरलॉकांची कारस्थानं, डीमनचे करार, शाप, वारसा. शेवट गोड होणार हे पहिल्या पानापासून माहीत असतं, म्हणूनच मधली चारशे पानं वाट्टेल तितकी भीती घालू शकतात. दिवसभर कशाचाच शेवट आपल्या हातात नसतो. रात्रीचा तो तास त्याला अपवाद असतो.

आणि डीमनच का? तुमची खरी ठेच इथेच लागली आहे. साडेतीनशे वर्षांचा, अमर, दिसायला देखणा, त्याच्यापुढे आपण काय, असं तुम्ही लिहिता. पण तुम्हीच सांगितलेली गोष्ट परत बघा. पहिल्या भागात तो हुकूम सोडतो, दुसऱ्या भागात त्याचे हुकूम त्याच्याच अंगावर उलटतात, तिसऱ्या भागात तो विचारायला शिकतो. शहर जाळू शकणारा माणूस एका बाईचं म्हणणं पुरतं ऐकून घेईपर्यंत तीन भाग खर्ची पडतात. ताकद ही गोष्टीची सुरुवात आहे. मालिका ज्यावर चालते ते त्याचं बदलणं आहे.

जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासिकेनं १९८४ साली 'रीडिंग द रोमान्स' हे पुस्तक लिहिलं. रोमान्स वाचणाऱ्या बायका ते का वाचतात, हे तिनं एका गावातल्या वाचक बायकांनाच विचारलं होतं. एरवी समीक्षक त्यांना न विचारताच उत्तर देऊन मोकळे होत. त्या बायकांनी सांगितलं त्यात नायकाच्या रुबाबाइतकाच त्याच्या हळुवारपणाला भाव होता, तो नायिकेकडे लक्ष देतो याला होता. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पुस्तक उघडणं हीच त्यांच्यासाठी एक घोषणा होती: आता हा वेळ माझा, आता माझ्याकडे कुणी काही मागायचं नाही. आत चेटकीण आहे की डॉक्टरीण, हा नंतरचा प्रश्न. हे १९८४ सालचं, आणि थोड्या बायकांचं. ते तुमच्या बायकोला तंतोतंत लागू पडेल असा माझा दावा नाही. पण रात्री सगळं आवरून झाल्यावरचाच तास ती निवडते, एवढं तुम्हीही पाहिलं आहे.

मंत्रतंत्राच्या भीतीबद्दल. चेटकीण आणि सैतान ही जोडी रोमान्सवाल्यांनी शोधलेली नाही. युरोपात पंधराव्या ते अठराव्या शतकात चेटूक केल्याच्या आरोपावरून जे खटले चालले, त्यांत ही बाई सैतानाशी संग करते, तिनं त्याच्याशी करार केलाय, हा नेहमीचा आरोप होता. १४८६-८७ च्या सुमारास हाइनरिश क्रेमर या डोमिनिकन पंथाच्या ख्रिस्ती साधूचं 'मॅलेयस मॅलेफिकारम' हे चेटकिणींविरुद्धचं पुस्तक छापलं गेलं. सगळं चेटूक बाईच्या न भागणाऱ्या वासनेतून येतं, असं त्यात सरळ लिहिलंय. त्या तीनेक शतकांत सुमारे ४० ते ६० हजार माणसं मारली गेली असा आजच्या इतिहासकारांचा अंदाज आहे, आणि त्यांत बहुसंख्य बायका होत्या. आजची पॅरानॉर्मल रोमान्स तोच आरोप उचलते आणि उलटा करून ठेवते. हो, आहे ती चेटकीण. हो, केलाय तिनं करार. आणि ती जळत नाही. तिच्या बाजूनं गोष्ट सांगितली जाते आणि शेवटी ती सुखात राहते. प्रत्येक लेखिकेच्या मनात हे सगळं असतं असं नाही, बऱ्याच जणींना फक्त चांगली विकली जाणारी मालिका लिहायची असते. तरी हे वाचून माणूस सैतानाच्या नादी लागेल या काळजीपेक्षा मला ही उलटापालट जास्त बोलकी वाटते.

'डोक्यावर परिणाम' या काळजीला दोनशे वर्षांहून मोठा इतिहास आहे आणि तिच्यावर एक फर्मास कादंबरीही आहे. जेन ऑस्टिनची 'नॉर्थँगर ॲबी' तिच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. नायिका कॅथरीन, वय सतरा, भयकथांनी झपाटलेली. एका जुन्या वास्तूत पाहुणी म्हणून जाते. रात्री, वादळात, खोलीतलं काळं कपाट उघडते. आत कागदांची गुंडाळी सापडते, मेणबत्ती विझते, पोरगी रात्रभर थरथरत पडून राहते. सकाळी उजेडात बघते तर धोब्याची बिलं!

रात्री चोरून कपाट उघडलं कुणी, सांगा बरं? तुमच्या घरात डीमन वाचून ज्याची झोप उडाली ते माणूस तुमची बायको नाही. ती तासभर वाचते आणि ढाराढूर झोपते, असं तुम्हीच लिहिलंय.

गोष्ट तिथे संपत नाही, म्हणून ही कादंबरी मला आवडते. यजमान जनरलनं आपल्या बायकोला मारलं असावं, असा कॅथरीनचा संशय असतो. तो खोटा ठरतो, तिची पुरती शोभा होते. पण नंतर हाच जनरल, कॅथरीन श्रीमंत नाही असं कळताच, तिला एकटीला सत्तर मैलांच्या प्रवासाला घराबाहेर काढतो. खून झाला नव्हता, पण माणूस क्रूर आहे हे तिला बरोबर जाणवलं होतं. भयकथांनी तिला तपशील चुकीचा शिकवला आणि माणूस ओळखायला थोडीफार मदतच केली. आणि नायक हेन्री? तो या कादंबऱ्यांना नाक मुरडत नाही. एक जाडजूड भयकथा मी दोन दिवसांत संपवली, केस उभे राहिले होते, असं तो कबूल करतो. त्याची बहीण तर सांगते की तो ती मोठ्यानं वाचून दाखवत होता, ती पाच मिनिटं उठून गेली तर हा पुस्तक घेऊन बागेत पळाला आणि याचं होईपर्यंत तिला थांबावं लागलं. तुमच्यासाठी मला साडेतीनशे वर्षांच्या डीमनपेक्षा हा माणूस जास्त कामाचा वाटतो.

आता तुमच्या पत्रातल्या सगळ्यात महत्त्वाच्या वाक्याकडे येते. ते तुम्ही कंसात लिहिलंय. दोनेक वर्षांपूर्वी तिनं असंच एक छापील पुस्तक आणलं होतं, मुखपृष्ठावर उघड्या अंगाचा पुरुष होता, आणि तुमचे मित्र घरी आलेले असताना तुम्ही ते हातात धरून त्यातलं एक वाक्य नाटकी आवाजात वाचून दाखवलंत. सगळे हसले. 'तीही हसली' असं तुम्ही पुढे लिहिता. आणि कंस पूर्ण.

ती हसली कारण चार लोकांत दुसरं काय करणार? त्यानंतर घरात छापील पुस्तक आलं नाही आणि टॅब आला. नाराजी म्हणून, तुमच्यात काही कमी म्हणून ती लपवते असं तुम्ही धरून चाललात. मला मात्र हे साधं दिसतंय: थट्टा झाली, म्हणून वस्तू दृष्टिआड गेली. तुम्ही विचारता 'काय वाचतेस', तेव्हा तिच्या कानात तो नाटकी आवाज असतो. 'काही नाही, असंच' हे त्याला दिलेलं उत्तर आहे.

आणि तुलनेचं म्हणाल, तर त्या डीमनला सकाळी उठून कामावर जायचं नसतं, तो घोरत नाही आणि त्याचं प्रत्येक वाक्य कुणीतरी तीन-तीनदा तपासून लिहिलेलं असतं. त्याच्याशी बरोबरी कुणालाच जमणार नाही, आणि ती करा असं तुम्हाला कुणी सांगितलेलंही नाही. खुनाच्या कादंबऱ्या वाचणाऱ्याला घरात प्रेत नको असतं. हिलाही घरात डीमन नको असेल.

म्हणून हे सगळंच निर्मळ आहे असं मी म्हणणार नाही. या प्रकारात वाईट पुस्तकं भरपूर आहेत आणि काही सवयी तर चांगल्या पुस्तकांनाही चिकटलेल्या आहेत. 'फेटेड मेट्स' घ्या: दोघांची गाठ नियतीनंच बांधलेली, म्हणजे तिनं नकार द्यायचा प्रश्नच मिटला. नायक तिचं मन वाचतो, तिचा माग काढतो, ती झोपलेली असताना खोलीत उभा राहतो, तिच्या भल्यासाठी तिला कोंडतो, आणि पुस्तक याला प्रेम म्हणतं. डार्क रोमान्स ही शाखा तर मुद्दाम या सीमेवर खेळते. अशा पुस्तकांच्या सुरुवातीला बहुतेकदा इशाऱ्याचं पान असतं, ते उगाच नसतं. मी स्वतः ही पुस्तकं वाचते आणि अशा जागी माझी फक्त एकच कसोटी असते: ती 'नाही' म्हणते तेव्हा गोष्टीत काय होतं? नाही म्हटल्यावर तो थांबला, निदान न थांबल्याची किंमत त्याला मोजावी लागली, तर त्याची शिंगं मला चालतात. शिंगं नसलेला, सूटबूटवाला नायकही या कसोटीत नापास होतो, आणि तसे पुष्कळ आहेत. तुमच्या बायकोनं खूण केलेलं ते दुसरं वाक्य या कसोटीला उतरणारं आहे, एवढं जाता जाता सांगते.

वाचन जास्त होतंय का, हे पुस्तकाच्या विषयावरून ठरत नाही. झोप पुरते का, सकाळची कामं बिघडतात का, माणसांत असताना जीव तिकडे ओढतो का, यावरून ठरतं. तुमच्या पत्रात यातलं एकही लक्षण नाही. तासभर वाचून झोपणारी बाई ही चिंतेची बाब नव्हे.

तर करायचं काय? बंद कर म्हणू नका. तो अधिकार तुम्हाला नाही, हे एक. दुसरं म्हणजे त्यानं वाचन थांबणार नाही, फक्त टॅबला पासवर्ड लागेल. गप्प बसणं सोपं वाटतं, पण तुम्ही नुसते गप्प नाही ना; गप्प राहून बघत आहात. एक दिवस बोलता बोलता त्या आजीच्या वहीचा उल्लेख तुमच्या तोंडून निसटेल, आणि मग विषय कादंबरीचा राहणार नाही, तुम्ही किती दिवस टॅब उघडताय याचा होईल.

तिला सांगा. आणि सांगताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी थट्टेचं, मग टॅबचं, पुस्तकाचं सगळ्यात शेवटी. रात्री ती वाचायला बसेल तेव्हा तर अजिबात नको, तो तिचा तास आहे. दिवसा, दोघांच्या हातात काही नसताना बोला. अगदी साध्या शब्दांत: 'मित्रांसमोर तुझं पुस्तक वाचून दाखवलं होतं, ते मी करायला नको होतं. आणि दुसरं, तू झोपल्यावर मी तुझा टॅब उघडून बघितला. एकदा नाही, बऱ्याचदा. ते आता करणार नाही.' इथे थांबा. 'पण तूही लपवायला नको होतंस' हे वाक्य जिभेवर येईल, ते गिळा. ही देवाणघेवाण नाही. त्या अधोरेखित वाक्यांबद्दल अवाक्षर काढू नका, आणि प्रेमानं किंवा गमतीनंसुद्धा 'तू झोप, दारावर मी आहे' असं म्हणायला जाऊ नका. कृपा करा.

ती लगेच मोकळी होईल अशी अपेक्षा नको. कदाचित चिडेल, कदाचित 'बरं' म्हणून उठून जाईल. जाऊ दे. विषय थोडा निवला की मग पुस्तकाचं बोला, आणि तेव्हाही तपासणीसासारखं नको. 'तुला त्यात काय आवडतं?' हा प्रश्न ऐकायला चांगला आहे, पण त्यात परीक्षा लपलेली असते. उत्तर देणाऱ्याला स्वतःचं समर्थन करावं लागतं. त्यापेक्षा गोष्टीतलं विचारा. वॉरलॉकचा डाव काय आहे ते तुम्हाला खरंच जाणून घ्यायचंय, पत्राच्या शेवटी ताजा कलम घालून चौथ्या भागात तो डीमन मरतो का असं तुम्ही मलाच विचारलं आहे! मरत नाही, एवढं नियमावरून सांगते, रोमान्स आहे. बाकीचं तिला विचारा. आणि वाचायचं असेल तर पहिल्या भागापासून, तिला सांगून, स्वतःच्या खात्यावर वाचा. ती नको म्हणाली, 'हे माझं एकटीचं राहू दे' म्हणाली, तर तेही मान्य करा. नवरा-बायकोनं सगळंच वाटून घ्यायला हवं असं कुठे लिहिलंय?

'मी कमी पडतोय का' हा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो विचारायला तुम्हाला पुस्तकातला पुरावा लागत नाही. तो वेगळ्या दिवशी, वेगळा विचारा, आणि इतका मोघम नको. 'घरातलं काय मी उचललं तर तुला हलकं वाटेल?' असं विचारा. 'तू बोलतेस तेव्हा मी मधेच तोडतो का?' असं विचारा. आणि मग उत्तर येईपर्यंत थांबा. लगेच आपली बाजू मांडायला धावू नका. उत्तर कदाचित 'नाही, सगळं बरं आहे' असंही येईल. तेही खरं मानायची तयारी ठेवा.

मुलीबद्दल. इथे तुमची काळजी मला पटते, तिचं कारण फक्त वेगळं आहे. तेरा वर्षांच्या मुलीला चेटकिणी आणि डीमन वाचून काही होत नाही. किशोरांसाठी लिहिलेल्या पुस्तकांतही ते ढिगानं असतात. पण तुमच्या बायकोची मालिका प्रौढांसाठीची आहे, तिच्यात उघड शृंगार आहे आणि वर म्हटलेल्या 'नाही'च्या भानगडी आहेत. त्या निवडून पारखण्याइतका अनुभव तेराव्या वर्षी नसतो. व्यवहारातला उपाय सोपा आहे: टॅबवर मुलीचं वेगळं प्रोफाइल उघडा, तिची पुस्तकं तिथे, आईची आईच्या खात्यात. पुस्तक किशोरांसाठीचं आहे की प्रौढांसाठीचं, ते विकत घेतानाच्या माहितीत बहुतेक वेळा दिलेलं असतं. मुखपृष्ठावर मात्र विसंबू नका; हल्ली प्रौढांच्या पुस्तकांनाही गोंडस, कार्टूनसारखी चित्रं असतात.

तिनं आधीच काही वाचलं असेल तर आरडाओरडा नको आणि टॅब जप्तही करू नका. गोष्टीवर बोला. त्यानं तिला न विचारता तिच्या मनातलं वाचलं, ते तुला कसं वाटलं? तू तिथे असतीस तर काय केलं असतंस? असं बोलणं बहुधा आईशी जास्त मोकळं होईल, आणि म्हणूनच हा निर्णय तुम्ही एकट्यानं घेऊ नका. आणखी एक: मुलीचं कारण पुढे करून आईचं वाचन बंद पाडायचा मोह होईल. ते तिच्या लगेच लक्षात येईल, आणि मुलीच्याही.

अशीच पत्रं मला पलीकडच्या बाजूनंही येतात: नवऱ्यापासून, सासूपासून, वसतिगृहातल्या मैत्रिणींपासून लपवून वाचणाऱ्या बायकांची, आणि एखाद-दुसरं पुरुषाचंही, जो म्हणतो की मी हे वाचतो हे कळलं तर कार्यालयात माझं काय होईल. त्यांच्यासाठी एवढंच. आपल्याला आवडणाऱ्या पुस्तकाला 'तसं त्यात इतिहास पण असतो' असा शेला पांघरायची गरज नाही. आवडतं, हे पुरेसं कारण आहे. खासगी ठेवायचं असेल तर ठेवा, टॅबला कुलूप घाला. खासगी ठेवणं आणि अपराधी वाटणं एक नव्हे. फक्त रोज रात्री समोरचा माणूस झोपेपर्यंतच वाचत राहायचं, तो झोपला की पुस्तकही मिटायचं, असं होत असेल, तर थोडं थांबून बघा. तेव्हा तुम्ही पुस्तकाकडे जात नसता, माणसापासून लांब जात असता. ते पुस्तक बदलून सुटत नाही.

परत तुमच्याकडे. तुम्ही विचारल्यावर तिच्याकडून काही जड निघालं, वर्षानुवर्षांचं साचलेलं, आणि दोघांनाही ते एकट्यानं पेलेनासं वाटलं, तर जोडप्यांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकाकडे दोघं मिळून जा. तिथे गेल्यावर चेटकीण-डीमनपासून सुरुवात करू नका. तो फार तर दहा मिनिटांचा विषय आहे, आणि तुम्ही दोघं तिथे बसून त्यावरच वाद घालाल.